लंडनच्या आजीबाई

विदर्भाच्या पूर्व टोकाला गोंदिया आणि भंडारा या भागांत तळी आणि भाताची खाचरे दृष्टीस पडतात. तेथून पश्चिमेकडे जावे तसतशी जमीन काळी होत जाते, भात मागे पडतो आणि कापूस, तूर व ज्वारी यांची शेते लागतात. हा यवतमाळचा मुलूख होय. याच मुलखातील चौसाळा नावाच्या खेड्यात 1910 साली राधाबाईंचा जन्म झाला. पुढे त्यांना सारा महाराष्ट्र ‘लंडनच्या आजीबाई’ या नावाने ओळखू लागला. परंतु त्यांच्या जन्माच्या वेळी या मुलीचे पाऊल कधी तालुक्याच्या सीमेबाहेर पडेल, असेही कोणाला वाटले नसेल. घर शेतकऱ्याचे आणि परिस्थिती बेताची. मुलींना शाळेत घालण्याची रीत त्या काळी खेड्यात जवळजवळ नव्हतीच. राधाबाईंच्याही हाती पाटी-पेन्सिल आली नाही. अक्षरओळख म्हणावी तशी त्यांना झालीच नाही.

शाळा नव्हती, तरी शिक्षण मुळीच नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. खेड्यातील मुलगी सात-आठ वर्षांची झाली, की घरकाम हीच तिची शाळा होई. पहाटे जात्यावर बसावे, विहिरीचे पाणी आणावे, चूल पेटवावी, ज्वारीच्या पिठाचा गोळा परातीत मळून हातावर भाकरी थापावी, तुरीच्या डाळीचे वरण शिजवावे, ही सारी कामे आईच्या शेजारी बसून शिकावयाची. मीठ किती घालावे, आच केव्हा कमी करावी, पाच माणसांच्या अंदाजात अवचित आलेल्या दोघांना कसे सामावून घ्यावे, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. ते हाताला कळावे लागते. हे हाताचे ज्ञान हेच पुढे राधाबाईंचे सर्व भांडवल ठरावयाचे होते.

रीतीप्रमाणे त्यांचे लग्न झाले आणि त्या डहाके यांच्या घरी आल्या. संसारात एकामागून एक अशा पाच मुली झाल्या. संसार गरिबीचा असला तरी चाललेला होता. अशातच पतीचे निधन झाले आणि तरुण वयातच राधाबाईंवर आकाश कोसळले. त्या काळी विधवेचे जिणे अत्यंत खडतर होते. जवळ पैसा नाही, विद्या नाही आणि पाठीशी पाच लेकी. आज पोटाला काय घालावे आणि उद्या या मुलींची लग्ने कशी करावी, या दोन चिंतांनी त्यांचा जीव पोखरून निघाला.

अशा वेळी सीतारामपंत वनारसे या गृहस्थांशी पुनर्विवाह करण्याचा प्रसंग त्यांच्या आयुष्यात आला. विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने 1856 सालीच मान्यता दिली होती. परंतु कायद्याने वाट मोकळी केली, तरी लोकापवादाचे काटे त्या वाटेवर पसरलेलेच होते. शिवाय वनारसे हे वयाने बरेच मोठे आणि लंडनला वास्तव्य करणारे गृहस्थ. त्यांच्याशी विवाह करणे म्हणजे गाव, भाषा, नातीगोती सारे मागे टाकणे होते. तथापि आपल्या मुलींना आधार मिळावयाचा, तर हे धाडस केलेच पाहिजे, असे राधाबाईंनी ठरविले. मन घट्ट करून त्यांनी विलायतेची वाट धरली.

त्या दिवसांत विलायतेला जाणारा माणूस बहुधा आगबोटीने जाई. मुंबई बंदर सोडले, की एडन, सुवेझचा कालवा, भूमध्य समुद्र असे करीत पोहोचावयास सुमारे तीन आठवडे लागत. चौसाळ्याच्या एका स्त्रीला त्या शहरात काय काय नवे वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. दुपारी चार वाजताच काळोख पडणारा हिवाळा, हाडांपर्यंत पोहोचणारी थंडी, कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या भिंती, जमिनीच्या पोटातून धावणारी रेल्वे आणि चहूकडे न समजणारी भाषा! दुकानाची पाटी वाचता येत नाही आणि रस्ता विचारावा तर शब्द नाहीत. मराठीदेखील न लिहिता-वाचता येणाऱ्या राधाबाईंना इंग्रजीच्या राजधानीत दिवस काढावयाचे होते.

शिवाय ते लंडन दुसऱ्या महायुद्धाने पोळलेले होते. जर्मन विमानांनी टाकलेल्या बाँबनी गल्लीगल्लीत घरे उद्ध्वस्त केली होती. युद्ध 1945 साली संपले, तरी अन्नाची टंचाई संपली नाही. उलट, युद्धकाळात कधी न झालेले पावाचे नियंत्रण 1946 साली सुरू झाले आणि ते 1948 पर्यंत चालले. चहा, साखर, लोणी, चीज, मांस हे सर्व पदार्थ रेशनच्या पुस्तकावर ठराविक मापानेच मिळत. चहा 1952 साली, साखर 1953 साली आणि शेवटी मांस 4 जुलै 1954 रोजी नियंत्रणातून मुक्त झाले. मांस न खाणाऱ्यांना आपला मांसाचा वाटा सोडून देऊन त्याऐवजी जास्त चीज घेण्याची सवलत होती. पण त्याने आपल्याकडील माणसाचे जेवण थोडेच होते! हिंदुस्थानी किराणा विकणारी दुकाने त्या अफाट शहरात फारच थोडी होती. भारतातून येणाऱ्या प्रवाशाच्या पेटीत मसाल्याची पुडी आणि लोणच्याची बरणी असली, तर ती सोन्याच्या मोलाने जपली जाई.

या नव्या जगात राधाबाई थोड्याफार रुळतात न रुळतात, तोच सीतारामपंतांचे निधन झाले. दुसऱ्यांदा त्यांचे छत्र हरपले. पतीच्या माघारी त्या घरात राहणे त्यांना अशक्य झाले. पहिल्या वेळी निदान आपला गाव, आपली भाषा आणि आपली माणसे तरी भोवती होती. आता हजारो मैलांवरील परक्या नगरात, हाती पैसा नसताना उभे राहावयाचे होते. अनेकांनी अशा वेळी कोणाच्या तरी दयेवर दिवस कंठले असते किंवा परतीचे भाडे गोळा करून मायदेश गाठला असता. राधाबाईंनी यांपैकी काहीच केले नाही. आपल्याला काय येत नाही याची यादी फार मोठी होती. त्या यादीकडे न पाहता आपल्याला काय येते, इकडे त्यांनी पाहिले. त्यांना स्वयंपाक येत होता, आणि तो उत्तम येत होता.

आता लंडनमध्ये या स्वयंपाकाची गरज कोणाला होती, ते पाहू. स्वातंत्र्यानंतर भारतातून पुष्कळ तरुण उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला जाऊ लागले होते. कोणी वैद्यकाचा अभ्यास करी, कोणी स्थापत्याचा, कोणी कायद्याचा. त्यांच्यातील बऱ्याच जणांनी घर सोडून राहण्याचा अनुभव पूर्वी कधी घेतलेला नसे. रीजंट स्ट्रीटवर 1926 साली निघालेल्या वीरास्वामी यांच्यासारखे हिंदुस्थानी उपाहारगृह लंडनमध्ये होते. परंतु तेथील थाट आणि तेथील दर विद्यार्थ्याच्या खिशाला झेपण्यासारखे नव्हते. शाकाहारी विद्यार्थ्याची तर फारच ओढाताण होई. उकडलेले बटाटे आणि पाव यांवर महिनेच्या महिने काढण्याची पाळी त्याच्यावर येई.

राहण्याची अडचण याहूनही मोठी होती. काळ्या वर्णाच्या भाडेकरूंना जागा मिळणार नाही, अशा अर्थाच्या पाट्या त्या काळी लंडनमधील अनेक घरांच्या खिडक्यांवर उघडपणे लावलेल्या असत. घरे भाड्याने देताना असा वर्णभेद करण्यास इंग्लंडच्या कायद्याने बंदी केली, ती 1968 साली. त्यापूर्वी दाराशी येऊन अपमानाने परत फिरण्याचे दुःख कितीतरी हुशार विद्यार्थ्यांच्या वाट्याला आले. अशा तरुणाला आपल्या भाषेत विचारपूस करणारे कोणी आणि पानात वाढलेला गरम वरणभात मिळाला, तर त्याचे मोल केवळ पैशात करता येत नसे. राधाबाईंनी ओळखली ती हीच गरज.

त्यांनी मराठी माणसांना जेवण करून घालण्यास सुरुवात केली. प्रारंभी मदतीला नोकरचाकर कोठले? भाजी आणावयाची, धान्य निवडावयाचे, कणीक मळावयाची, पोळ्या लाटावयाच्या, वाढावयाचे आणि शेवटी भांडी घासावयाची, ही सारी कामे खाणावळ चालविणाऱ्या बाईलाच उरकावी लागतात. पाच माणसांचा स्वयंपाक करणे आणि रोज, न चुकता, पंधरावीस माणसांचा करणे यांत फार अंतर आहे. घरच्या स्वयंपाकात एखादे दिवशी मीठ कमी पडले, तर घरची माणसे हसून सोडून देतात. पैसे भरून जेवणारा माणूस तसे करीत नाही. बर्फ पडो की धुके दाटो, ठरल्या वेळी ताट तयार असलेच पाहिजे. धंद्याचा हा पहिला नियम राधाबाईंना कोणी शिकविला नव्हता. तो त्यांनी कामातून आत्मसात केला.

दुसरा नियम हिशोबाचा. लिहिता-वाचता न येणारी बाई परदेशी नाण्यांचा व्यवहार कसा करीत असेल, याचे अनेकांना नवल वाटे. इंग्लंडमध्ये त्या वेळी बारा पेन्सांचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड होई. ही पद्धत तेथे 1971 सालापर्यंत चालली. ती ऐकताना अवघड वाटते. परंतु आपल्याकडेही 1957 पर्यंत बारा पैंचा एक आणा आणि सोळा आण्यांचा एक रुपया असाच हिशोब होता. आणे-पै तोंडी मोजून बाजार करणाऱ्या खेड्यातील बायका आजच्या शिकलेल्या माणसालाही हार जाणार नाहीत. त्या बायकांचे हे तोंडी गणित राधाबाईंच्या कामी आले.

खाणावळीचा धंदा बाहेरून दिसतो तितका सोपा नसतो. जागेचे भाडे, धान्य, भाजी, इंधन आणि वीज यांचा खर्च ताटाच्या किमतीतून निघाला पाहिजे. ताट महाग केले, तर विद्यार्थी येत नाहीत. स्वस्त केले, तर चूल विझते. वीस माणसांसाठी शिजविलेल्या अन्नातून रोज दोघांपुरते जरी वाया गेले, तरी महिन्याच्या शेवटी नफ्याच्या जागी तोटा उभा राहतो. म्हणून अंदाज अचूक लागतो, खरेदी जपून करावी लागते आणि उरलेल्या अन्नाचा कण वाया न घालवता त्याचे काही चवदार करून वाढावे लागते. गरिबीच्या संसारात राधाबाई काटकसर शिकल्या होत्या. एके काळी जी काटकसर नाइलाजाने करावी लागली, तीच आता त्यांच्या धंद्याचा पाया झाली.

तथापि केवळ काटकसरीने माणसे जोडली जात नाहीत. राधाबाईंच्या ताटात घरच्या जेवणाची चव होती आणि वाढणाऱ्या हातात माया होती. नव्याने आलेल्या, बावरलेल्या मुलाला त्यांच्याकडे आल्यावर आपल्या आईची किंवा आजीची आठवण होई. त्यामुळेच राधाबाई सर्वांच्या ‘आजीबाई’ झाल्या आणि हेच त्यांचे नाव पडून गेले. अडल्यानडल्याला त्यांच्या घरी दोन घास मिळत. व्यवहार आणि दया या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी आहेत, असे पुष्कळांना वाटते. आजीबाईंनी त्या एकाच घरात नांदविल्या. हिशोब चोख असल्यामुळेच त्यांना दुसऱ्याला मदत करणे परवडत होते. आणि मदतीमुळे जोडलेली माणसे त्यांच्या खाणावळीची कीर्ती आपल्या मुखाने सांगत होती. त्यांना वृत्तपत्रांत जाहिरात देण्याची गरज भासली नाही. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या माणसाला त्यांचा पत्ता लंडनला पोहोचण्याआधीच ठाऊक झालेला असे.

हा पत्ता होता उत्तर लंडनमधील गोल्डर्स ग्रीन भागातील हूप लेन. गोल्डर्स ग्रीनला 1907 साली भुयारी रेल्वे पोहोचली आणि तेव्हापासून तेथे वस्ती वाढत गेली. युरोपात छळ झालेली अनेक यहुदी कुटुंबे आश्रयासाठी याच भागात येऊन राहिली होती. दूर देशातून येऊन नव्याने घर मांडणाऱ्यांच्या या वस्तीत आजीबाईंनी आपलेही घर मांडले. ज्यांना एकदा राहत्या घरातून बाहेर पडावे लागले होते, त्या आता स्वतःच्या घराच्या मालकीण झाल्या. स्वतःचे घर झाल्यामुळे जेवणाबरोबर राहण्याचीही सोय करता येऊ लागली. इतरांनी दारे लावून घेतलेल्या तरुणांना हे एक दार उघडे होते. आजीबाईंनी मिळालेला पैसा उधळला नाही. तो पुन्हा धंद्यात घातला आणि पुढे एकामागून एक अशी आणखीही घरे लंडनमध्ये खरेदी केली.

हळूहळू त्यांचे घर हे लंडनमधील मराठी माणसांचे माहेरघर बनले. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळाची स्थापना 1932 सालीच झाली होती. परंतु रोजच्या सुखदुःखासाठी जावे असे ठिकाण आजीबाईंचे होते. त्यांच्या घरी देवाचे मंदिर होते. सणावाराला माणसे तेथे जमत आणि परक्या देशात आरतीचे सूर निघत. महाराष्ट्रातून लंडनला जाणारे साहित्यिक, कलावंत आणि पुढारी यांचेही पाय त्या घराला लागत. मोठा पाहुणा असो की कालच उतरलेला विद्यार्थी असो, आजीबाईंच्या पंक्तीत दोघांनाही सारखेच वाढले जाई.

ज्या लेकींच्या काळजीने त्यांनी गाव सोडले होते, त्यांचा आजीबाईंना विसर पडला नव्हता. आपल्या कष्टाच्या बळावर त्यांनी लेकींना आणि नातवंडांना आधार दिला. पहिल्या वैधव्याच्या रात्री चूल उद्या कशी पेटेल याची ज्यांना शाश्वती नव्हती, त्यांच्या चुलीवर पुढे अनेक वर्षे शेकडो परक्यांच्या मुलांचे अन्न शिजले. 1983 साली त्यांचे निधन झाले. आपल्या मागे त्यांनी घरे आणि संपत्ती ठेवली. आणि त्याहूनही मोठी अशी, निरनिराळ्या देशांत विखुरलेल्या असंख्य माणसांच्या मनातील कृतज्ञता ठेवली. विदुषी सरोजिनी वैद्य यांनी लिहिलेल्या ‘कहाणी लंडनच्या आजीबाईंची’ या चरित्रामुळे त्यांची हकीकत महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली. ज्यांना पुस्तक वाचता येत नव्हते, त्यांच्यावर पुस्तक लिहिले गेले!

घरातील स्वयंपाकाला आपण फारसे महत्त्व देत नाही. तो रोज होतो, रोज संपतो आणि त्याचा हिशोब कोणी ठेवत नाही. आजीबाईंनी याच दुर्लक्षित कलेच्या आधारावर जगातील एका मोठ्या नगरात स्वाभिमानाने संसार उभा केला. त्यासाठी त्यांना कारखाना लागला नाही, यंत्रे लागली नाहीत आणि पदवीही लागली नाही. शिक्षण नको, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. शिक्षणाच्या अभावी त्यांना किती अडचणी सोसाव्या लागल्या असतील, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. आणि शिकण्यासाठी आलेल्या मुलांना पोटभर जेवू घालून त्यांनी विद्येची सेवा केली, हेही तितकेच खरे. आज गोंदियाच्या खेड्यांत आणि यवतमाळच्या गावांत स्त्रिया एकत्र येऊन पापड, कुरडया, लोणची, मसाले करतात आणि बाजारात विकतात. त्यांच्या हातांत जी कला आहे, तीच चौसाळ्याच्या राधाबाईंच्या हातांत होती. त्या कलेला वेळेचा नेम, चोख व्यवहार आणि माणुसकी यांची जोड त्यांनी दिली, म्हणून एका खेड्यातील निराधार बाई साऱ्यांची आजी होऊ शकली.